शुभमंगल, पण आधी ड्रोन उडू द्या!

ऐकलंत का? लग्नाआधीच नवरदेवाने नवरीला उचललं! पळवून नेलं असं नाही हो. तसं असतं तर आम्ही कानाआडच केलं असतं. अशी एखाद-दुसरी जोडी कुठल्याही घराण्यात निघतेच. हे अक्षरशः दोन हातांनी उचललं, आसोलामेंढा तलावाच्या पाळीवर, भरदिवसा, चार माणसांदेखत. त्यातला एक छत्री धरून, एक उजेड पाडायला चंदेरी फळी धरून, एक नवरीचा लांबलचक झगा वाऱ्यावर उडवायला, आणि चौथा कॅमेऱ्यामागून ओरडायला, "दादा, चेहऱ्यावर प्रेम आणा!" दादांच्या चेहऱ्यावर दहावीच्या निकालापासून आजवर काहीच आलेलं नाही, प्रेम कुठून येणार? शेवटी तिसऱ्यांदा उचलताना जे काही आलं ते कंबरेतून आलं होतं. व्हिडिओत तेच ठेवलंय.

आम्ही कुठे पाहिलं म्हणता? अख्ख्या सावली गावाने पाहिलं. हळदीच्या रात्री मांडवात भिंतीएवढा एलईडी पडदा लावला होता. पुढच्या खुर्च्यांवर इवाई, इहीन, मुलाचे गणिताचे गुरुजी, मागे बाराही गावचे सोयरे, आणि अगदी मधोमध नवरीची आजी. आजीने विचारलं, "हे पोट्टी कोन होय वो?"

"आजी, तुझी नात."

"अन् थो?"

"जावई."

"मंग लगन होऊन गेला का?"

"नाही, उद्या आहे."

आजीने डोक्यावरचा पदर नाकापर्यंत ओढला. पदराआडून मात्र व्हिडिओ शेवटपर्यंत पाहिला, आणि संपल्यावर पोराला सांगितलं, "बापा, पुन्हा एकडाव लाव, मले नीट दिसला नाही."

आमच्या भागात साक्षगंध म्हणजे काय होतं? ओसरीत सतरंजी, पाच जाणते, कपाळी गंध, हाती साखर, वर चहा. मुलगी दोन मिनिटं येऊन बसली की आत. आता साक्षगंधाचा हॉल वेगळा, कपड्यांचा रंग पत्रिकेत छापलेला, आणि अंगठी म्हणे ड्रोनवरून उतरते! एका ठिकाणी ती उतरता उतरता झालरीत अडकली. मामा टेबलावर खुर्ची ठेवून चढला, त्याने अंगठी सोडवली. मामा एवढ्यासाठी तरी लागतो अजून. व्हिडिओत मामा नाही.

बरं, हे थेर धान रोवण्याच्या दिवसांतही चालतात. गेल्या पावसाळ्यात एका जोडीला 'शेतकरी लूक' हवा होता. पोरगा नागपुरात नोकरीला, चिखलात पाय घालायला नको म्हणून तर शिकला. तो भाड्याचं धोतर नेसून, डोक्याला फेटा बांधून बांधीत उतरला. नवरीच्या अंगावर नऊवारी, डोळ्यांवर काळा चष्मा. तिने पऱ्ह्यांची, म्हणजे धानाच्या रोपांची, जुडी हातात धरली ती फुलांच्या गुच्छासारखी, मुळं वर. शेजारच्या बांधीत दहा-बारा बाया कंबरेत वाकून रोवत होत्या, त्या सगळ्या एका झटक्यात उभ्या राहिल्या. एक म्हणाली, "माय वो, हिले पऱ्हे कोनते अन् गवत कोनता थे तरी ठावूक हाये का?" दुसरी म्हणाली, "तिले काहून हासता? त्या पोट्ट्याले पाहा, धुऱ्यावर उभा रायते का पडते ते!" पडला. फोटोवाल्याने त्यालाही 'नॅचरल' म्हटलं. बाया तासभर हसत होत्या. त्या तासाची मजुरी बांधीच्या मालकाने कापली की नाही, ते मी विचारलं नाही.

आणि जंगल! काहींना म्हणे पहाटेचं धुकं हवं, सागाच्या रांगांमधली वाट हवी. अहो, हे सावलीचं जंगल आहे, मुंबईतल्या स्टुडिओतलं नव्हे. मोह वेचायला, तेंदूपत्ता तोडायला गेलेल्या माणसांवर वाघाने झडप घातल्याच्या बातम्या आमच्याकडे उन्हाळा लागला की येतात, आणि त्या बातम्यांमधली माणसं हौसेने गेलेली नसतात. वनखातं सांगून थकलं की पहाटे एकट्याने शिरू नका. तिथे आमची ही नवरी पांढराशुभ्र झगा मागे सोडून मंद मंद चालणार आणि फोटोवाला ओरडणार, "ताई, मागे बघू नका!"

आता पैशाचं बोलू, कारण चर्चेला खरी चव तिथेच येते. समजा फोटो-व्हिडिओचं पॅकेज ऐंशी हजारांचं. साध्या धानाचा 2025-26 चा हमीभाव क्विंटलला 2,369 रुपये. भागा. चौतीस क्विंटल झाले. एकराला पंधरा क्विंटल धरले तरी सव्वादोन एकर. म्हणजे पऱ्हे टाकले, चिखलणी केली, रोवणा झाला, निंदण झालं, रानडुकरांपायी रात्री जागवल्या, कापणी झाली, मळणी झाली, आणि तो सगळा धान चार मिनिटांच्या व्हिडिओत गेला. खत, मजुरी अजून धरलेलीच नाही. सरकारने हेक्टरी 20 हजारांचा बोनस जाहीर केला की कृषी केंद्रवाल्याच्या आधी फोटोवाल्याचा फोन येतो, "काका, तारीख बुक करून टाकू?" आणि काका म्हणतात, "करून टाक बापा. एकुलती एक पोरगी हाये." तीन पोरी असलेले काकाही हेच म्हणतात.

पण खरं सांगू? मला यात नवल वाटत नाही. आमच्या या झाडीपट्टीच्या माणसाला रंगमंचाचं वेड कुणी शिकवावं लागत नाही. दिवाळी झाली, मंडई भरली, बैलांचा शंकरपट लागला की वडशाच्या कंपन्यांची नाटकं गावोगाव, रात्रभर, हजारांच्या गर्दीत. आमच्या परशुराम खुणे यांना याच रंगभूमीसाठी 2023 साली पद्मश्री मिळाली. नाटकाच्या निमित्ताने पाहुणे यायचे, पोरंपोरी सहज नजरेखालून जायची, आणि पहाटे पडदा पडायच्या आत सोयरीक अर्धी पक्की. पूर्वी नाटकात लग्न जमायचं, आता लग्नाचंच नाटक झालंय, एवढाच काय तो फरक. आणि नाटक म्हटलं की दिग्दर्शक आला. तो म्हणजे फोटोवाला.

त्याचं राज्य पाहायचं असेल तर बोहल्याजवळ उभं राहा. भटजींनी अंतरपाट धरला, मुहूर्त भरला, घड्याळ पुढे सरकतंय. आणि कॅमेऱ्यामागून आवाज, "एक मिनिट महाराज, ड्रोनची बॅटरी बदलतो." महाराज थांबतात! ज्या महाराजांनी मागच्या पिढीत मुहूर्त चुकतो म्हणून नवरदेवाला घोड्यावरून ओढून आणला, ते ड्रोनच्या बॅटरीसाठी थांबतात. मग हार. हार घातले की परत काढायचे, कारण नवरीचं नाक फुलांत गेलं. मंगळसूत्र दोनदा. पाठवणीचं रडणंसुद्धा दोनदा, पहिल्यांदा पंख्याचा आवाज येत होता म्हणून. आईला दुसऱ्यांदा रडू आलं नाही, तेव्हा कुणीतरी तिला हॉलच्या बिलाची आठवण करून दिली.

त्यातून चंद्रपूर जिल्ह्याचा मे महिना. पारा पंचेचाळीसच्या वर, कूलर फक्त गरम हवा ढकलतोय, आणि नवरदेव मखमली शेरवानीत. नवरीचा लेहेंगा एवढा जड की दोन करवल्या दोन्ही बाजूंनी धरून तिला चालवतात, मिरवणुकीतल्या देवासारखी. मागे सेल्फीसाठी हिरव्या पानांची भिंत. पानं प्लास्टिकची, नागपूरहून मागवलेली! ज्या गावातून हाकेच्या अंतरावर जंगल, जिथे मांडवासाठी जांभळीच्या डहाळ्या आणायला भाऊबंद वाजतगाजत जायचे, तिथे प्लास्टिकची पानं भाड्याने. जांभळीच्या डहाळ्या अजून येतात म्हणा, पण मागच्या दाराने, विधीपुरत्या.

बाकी सगळं मी पोटात घालीन, पण जेवणाचं नाही. हा धानाचा मुलूख आहे. ज्या एचएमटी तांदळाने बाजार गाजवला, तो नागभीड तालुक्यातल्या नांदेडच्या दादाजी खोब्रागडे यांनी 1983 साली आपल्या बांधीतल्या तीन वेगळ्या लोंब्या ओळखून जोपासला. लग्न म्हणजे भाताची रास, वरण, आलू-वांग्याची भाजी, कढी, बुंदी. पळसाच्या पत्रावळीवर पंगत आणि गावची पोरं "भात, भात" करत धावताहेत. आता काय? पाणीपुरीचा काउंटर, चायनीजचा काउंटर, डोसा, पास्ता. पास्ता! परवा एक म्हातारे गृहस्थ ताट घेऊन काउंटर काउंटर फिरत होते. प्रत्येक ठिकाणी वाकून बघायचे, पुढे सरकायचे. शेवटी गणवेश घातलेल्या पोराला विचारलं, "बाबू, भात कोठी हाये जी?" पोराने पिवळा, काजू घातलेला, गोडसर वासाचा काहीतरी पदार्थ दाखवला. म्हाताऱ्याने चमच्याने उलटापालटा करून पाहिला. "हा भात होय?" म्हणाले, आणि पाणी पिऊन घरी गेले. त्यांच्या घरी दोन एकर एचएमटी पिकतो.

वरातीचं विचारूच नका. सनई-डफड्याला आता कुणी ओळख देत नाही, धुमाल पाहिजे. ते ढोल, तो ऑक्टोपॅड, छातीतली हाडं वाजतात. रात्री दहानंतर लाऊडस्पीकर बंद, हा कायदा 2000 सालापासून आहे, आणि दहा वाजले की धुमालवाल्याला "शेवटचं एक" अशी विनंती होते, तीही 2000 सालापासूनच असावी. शिवाय आमच्या वरातींना भूगोल आहे. वैनगंगेपलीकडे गडचिरोली जिल्हा, तिथे 1993 पासून दारूबंदी. अलीकडे आमचा चंद्रपूर जिल्हा. इथे 2015 साली बंदी आली आणि 2021 साली उठली. त्यामुळे पलीकडून येणारी वरात पूल ओलांडून व्याहाडला आली की तिच्या गाड्या आपोआप तापतात, टायर हमखास बसतात, काकांना लघवीला लागते. एकाच वेळी तीन गाड्यांचे टायर! अकराचा मुहूर्त दोन वाजता लागला तर दोष मात्र ब्युटी पार्लरवालीचा.

आणि हे कुठल्या गावात? सावलीत! जिथे 1936 च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये गांधी सेवा संघाची बैठक भरली आणि गांधीजी स्वतः येऊन राहिले. सावलीची ओळख तेव्हा खादीची. गांधीजी पुढे पुढे तर म्हणू लागले की वधू-वरांत एक हरिजन असेल तरच मी लग्नाला आशीर्वाद देईन. हा नियम आज लावला तर आमच्या गावातल्या मोठ्यातल्या मोठ्या, सर्वात झगमगाटी मांडवाच्या दारातूनही म्हातारा परत गेला असता. इथे आमच्या लोकांची पुरोगामी घोडी अडते. डोसा चालतो, ड्रोन चालतो, पास्ता चालतो, पण पत्रिकेतलं आडनाव मात्र आपल्यातलंच लागतं. तुकडोजी महाराजांनी ग्रामगीतेत लग्नातल्या उधळपट्टीवर इतकं बजावून ठेवलंय. त्यांची सामुदायिक प्रार्थना म्हणणारी मंडळीच एलईडी पडद्यापुढच्या पहिल्या रांगेत असतात. मीही असते, कबूल. तिथून नीट दिसतं.

आणि साधेपणाने लग्न होत नाही असं थोडंच आहे? 2021 च्या एप्रिलमध्ये, कोरोनाच्या लाटेत, सरकारने हुकूम काढला, पंचवीस माणसं, दोन तास, नियम मोडला तर 50 हजार दंड. लागली की लग्नं! त्या जोडप्यांची पोरं आज शाळेत जायला लागली. पण त्या लग्नांतल्या आया अजून उसासे टाकतात, आणि परवा एका जोडीने लग्नाच्या चौथ्या वाढदिवसाला 'राहिलेली' प्री-वेडिंग उरकली. लेकराला आजीकडे ठेवून! तलावाच्या पाळीवर गेले, त्याने तिला उचललं. चार वर्षांनी उचलणं सोपं नव्हतं, असं तीच सांगत होती.

पुणे-अहिल्यानगरकडे 2025 साली मराठा समाजाच्या बैठका झाल्या, आचारसंहिता ठरली, प्री-वेडिंग नको, डीजे नको, माणसं कमी. आमच्याकडेही समाजाच्या सभांत ठराव होतात. ठरावाला अनुमोदन देणारे एक पुढारी आहेत. त्यांच्या मुलीच्या लग्नात नवरी धुरातून, आगीच्या कारंज्यांमधून, फुलांच्या चादरीखालून आली. विचारलं तर म्हणाले, "ठराव पुढच्या मोसमापासून लागू आहे."

असो, ताजी खबर सांगते आणि उठते, भात गॅसवर आहे. या मोसमात एका गावच्या नाटकाला नदीपलीकडचे पाहुणे आले होते, मुलगी पाहिली, पसंत पडली. मुलाचा बाप जुन्या वळणाचा. त्याने सर्वांदेखत बजावलं, "पाहा जी, थे लग्नाआधीचे फोटो-गिटो आमच्यात चालत नाही." मंडळी श्वास रोखून. मुलगी शांतपणे म्हणाली, "चालेल. मलाही नको. पण माझी एक अट आहे, वरात व्याहाडला थांबणार नाही."

पंधरा दिवस झाले. मुलाकडचे म्हणतात, घरी विचारून कळवतो.