बिऱ्हाड पाण्यावर, मंडळी सायकलवर

दिवसभर सायकल मारायची आणि रात्री कालव्याच्या काठाला बांधलेल्या बार्जवर झोपायचे, या सहलीचे माहेर नेदरलँड्स. गोव्यात मांडवीतून खनिज वाहणारी बार्ज ज्यांनी पाहिली आहे, त्यांनी तिच्याहून बरीच लहान आणि अरुंद बार्ज डोळ्यांपुढे आणावी. मोठी जहाजे आणि ट्रक आल्यावर अशा कित्येक बार्ज बेकार झाल्या. मग काहींच्या पोटात मालाऐवजी खोल्या बसवून पर्यटक भरण्यात आले. माल तक्रार करत नसे, एवढाच काय तो धंद्यात फरक पडला.

ॲम्स्टरडॅम ते बेल्जियममधले ब्रुज हा यातला गाजलेला मार्ग. साधारण आठवड्याचा बेत, रोज ३० ते ५० किलोमीटर. मुलूख इतका सपाट की चढ म्हणजे फक्त पूल. मात्र चढाची कसर समोरचा वारा भरून काढतो. वाटेत फाट्याफाट्यावर क्रमांकाचे फलक असतात. ही पद्धत १९९५ मध्ये बेल्जियमच्या लिंबुर्ग प्रांतात सुरू झाली. क्रमांक ओळीने गाठत गेले की माणूस चुकत नाही. पण चार मित्र एकत्र असले की चौघांनी चार क्रमांक पाठ केलेले असतात, आणि प्रत्येक फलकाखाली एक छोटी सभा भरते.

बार्ज ताशी दहाएक किलोमीटरने सरकते, त्यात जलपाशात (लॉकमध्ये) पाणी चढण्या-उतरण्याची वाट बघते. त्यामुळे बऱ्याचदा घराचा मालक, म्हणजे सायकलवाला, आधी पोचतो आणि काठावर बसून घर येण्याची वाट पाहतो. खोलीत एकाने कपडे बदलायचे तर दुसऱ्याने अंथरुणात राहायचे किंवा डेकवर जायचे. भिंती पातळ, तेव्हा कोण घोरतो हा प्रश्न पहिल्याच रात्री निकालात निघतो. दुपारचा डबा न्याहारीच्या टेबलावरून ज्याचा त्याने भरून घ्यायचा असतो. पाव आणि चीज तिथले. शेंगदाण्याची चटणी आणि भडंग मराठी मंडळींच्या बॅगेतले. तिसऱ्या दिवसापर्यंत कप्तानही चटणी मागू लागतो.

हाच बेत दिल्लीत कस्तुरबा गांधी मार्गावरून आखायचा, तर आरंभ उत्तम होतो. पूर्वीचा हा कर्झन रोड कॅनॉट प्लेसवरून थेट इंडिया गेटकडे जातो, चढ औषधालाही नाही. याच रस्त्यावर २०१३ पासून नवे महाराष्ट्र सदन उभे असल्याने मराठी मंडळींना जमायला दुसरे ठिकाण शोधावे लागत नाही. उणीव आहे ती पाण्याची.

जवळचा कालवा म्हणजे ओखल्याहून निघणारा आग्रा कालवा, सदनापासून बारा-चौदा किलोमीटरवर. तो १८७४ मध्ये खुला झाला आणि सुरुवातीला त्यातून खरोखरच नौका चालत. दिल्ली, मथुरा, आग्रा या जिल्ह्यांतून पाण्यावरून जाता येई. १९०४ मध्ये नौकानयन बंद झाले आणि कालवा निव्वळ शेतीच्या वाट्याला आला. म्हणजे आज निघणारी मंडळी शंभराहून अधिक वर्षे उशिरा पोचतात. ‘सहाला म्हणजे सहाला’ ठरवून साडेसातला निघणाऱ्यांच्या मानानेही हा उशीर जरा जास्तच.

तरीही जायचेच तर रविवारची पहाट निवडावी. इंडिया गेटला वळसा घालून मथुरा रोड धरावा आणि बस आपल्याला पाहते आहे असे कधीही गृहीत धरू नये. ओखल्याजवळच्या कालिंदी कुंजपाशी यमुनेवर थंडीत पांढरा फेस तरंगतो. तो सांडपाण्याचा आणि साबणाचा असतो, पण कुणीतरी त्याचा फोटो ‘काश्मीर’ म्हणून घरच्या ग्रुपवर टाकतोच. कालव्याच्या काठाने फरिदाबादच्या दिशेने थोडे जाता येते. बार्ज नसल्याने मुक्कामाला मात्र परत कस्तुरबा गांधी मार्गच गाठावा लागतो. इथले बिऱ्हाड जागचे हलत नाही, त्यामुळे परतीचे किलोमीटरही आपल्याच पायांवर येतात.

नेदरलँड्समधला हंगाम एप्रिल ते ऑक्टोबर. दिल्लीत नोव्हेंबरात धुरके आणि जानेवारीत धुके असते. म्हणून फेब्रुवारी-मार्च बरा. मे-जूनमध्ये हा प्रवास पंख्याखाली, नकाशावर करावा.