जागा कायम रिकामी

नोकरीच्या संकेतस्थळाची खरी मालमत्ता म्हणजे रिकामी जागा. जागा भरली की जाहिरात संपते आणि उमेदवार पाठ फिरवतो. त्यामुळे भरतीच्या सवयी कितीही बदलोत, जागा भरू न देणे हेच टिकून राहण्याचे शास्त्र. १९५९ च्या सेवायोजन कायद्याने रिक्त पदे कळवणे सक्तीचे केले, भरणे नव्हे. ही दूरदृष्टी वाखाणण्याजोगी आहे.

१८९७ साली बार्शी लाइट रेल्वे सुरू झालेल्या कुर्डुवाडीत नोकरी म्हणजे रेल्वे, हे समीकरण जुने. रेल्वेने २०१९ मध्ये ३५ हजारांवर पदांची जाहिरात काढली, तेव्हा देशभरातून सव्वा कोटीच्या आसपास अर्ज आले. अर्ज भरणे हाच इतका मोठा उद्योग झाल्यावर नोकरीची गरज उरतेच कुठे?

आता बायोडेटा यंत्र लिहिते, यंत्रच वाचते आणि नकारही यंत्रच कळवते. पुढची पायरी उघड आहे : मधला उमेदवार वगळावा. सर्व्हरवरचा भार तेवढाच हलका होईल.

मागासलेपणा मात्र सहजी जात नाही. ऑनलाइन फॉर्म भरून देणारे, सही-फोटो ठरल्या केबीत बसवून देणारे दुकानदेखील स्वतःसाठी काचेवर वहीचा फाटका कागद चिकटवते : ‘कामाला मुलगा पाहिजे. समक्ष भेटणे.’ ना लॉगिन, ना ओटीपी. परिणाम व्हायचा तोच होतो. सकाळी लावलेला कागद संध्याकाळी काढावा लागतो.