पक्क्या घराची पंचाईत

गोंदियात घर पाडायला मुहूर्त लागत नाही, ट्रॅक्टर लागतो. बांधताना भूमिपूजन होतं, चौकटीला हळदकुंकू लागतं, स्लॅब पडला की मिस्त्री-मजुरांना गोडधोड मिळतं आणि शेवटी वास्तुशांत. पाडताना घण घेतलेली चार माणसं आणि एक ट्रॉलीवाला, एवढ्यावर भागतं. ट्रॉलीवाल्याला सूचनाही एकच: "कुठंही टाक, पण आपल्या गल्लीत नको." प्रत्येक गल्ली हेच सांगत असल्यामुळे मलबा बिचारा शहराबाहेर जाऊन पडतो. मग शहर वाढत वाढत त्याच्यापर्यंत पोहोचतं आणि म्हणतं, हा इथं कोणी आणून टाकला?

ही पंचाईत नवी आहे. मातीचं घर पाडलं तर मलबा असा उरतच नसे. सागाचे वासे गोठ्याला जायचे, चौकट धाकट्या भावाकडे. कवेलू उतरवून परसात रचून ठेवायचे, कारण दर उन्हाळ्यात छपराचे कवेलू फेरताना फुटक्यांच्या जागी घालायला जुने लागायचेच. भिंतीची माती भिजवली की पुन्हा गारा तयार. नाहीतर ती बांधीत जायची आणि पुढच्या वर्षी तिच्यावर धान उभं राहायचं. सगळी वाटणी झाल्यावर त्या जागी जोतं उरायचं आणि भावांचं भांडण. त्यातलं जोतंही कामी यायचं.

मग आपण पक्कं घर बांधलं. ते इतकं पक्कं निघालं की पाडल्यावरही सुटं होईना. माती-चुन्यात बसवलेली वीट दोन टोले मारले की साफ सुटायची आणि दुसऱ्या भिंतीत बसायची. सिमेंटचा मसाला बहुधा विटेपेक्षा हट्टी असतो. जोड सुटत नाही, वीट फुटते. एका म्हाताऱ्या मिस्त्रीनं पडक्या स्लॅबकडे पाहत निकाल दिला होता, "जुन्या घरात माल होता जी. याच्यात का आहे? सळाख तेवढी काढून घ्या." सळाख मात्र खरंच उरत नाही. लोखंड संध्याकाळच्या आत भंगारात जातं, नाहीतर रस्त्याच्या कडेला हातोड्यानं सरळ होऊन दुसऱ्या कुणाच्या कॉलममध्ये शिरतं. आमच्याकडं भाव असलेली वस्तू कचरा होत नाही.

राहिलेल्या ढिगालाही गिऱ्हाईक असतं, हे यातलं सगळ्यात मजेदार. रस्ता नवा होतो तो जुन्याच्या उरावर. रस्ता चढतो, घर खाली जातं, आणि पावसाळ्यात नालीचं पाणी पाहुण्यासारखं ओसरीत येतं. मग घरमालक भरती शोधतो. म्हणजे एकाच मोहल्ल्यात एकाला मलबा टाकायला जागा हवी असते, दुसऱ्याला खड्डा भरायला माल हवा असतो, आणि या दोघांमधला एकमेव दुवा असलेला ट्रॉलीवाला दोघांकडूनही पैसे घेतो. मला त्याचा राग येत नाही. समन्वयाचं काम करणारा तेवढा एकच आहे.

राग येतो तो बोडीचा बळी जातो तेव्हा. तळ्या-बोड्यांचा हा जिल्हा; धानाला वेळेवर पाणी मिळावं म्हणून कुणीतरी पूर्वी घाम गाळून बोडी खोदली, पाळ बांधली. शहराच्या कडेला आलेली बोडी मात्र आता खोलगट प्लॉट दिसू लागते. आज एक ट्रॉली, उद्या दुसरी. पुढं तिथं घर उभं राहतं आणि त्या घरात पहिल्याच पावसाळ्यात पाणी शिरतं. पाण्याला सातबारा वाचता येत नाही, ते जुन्या पत्त्यावर येतं.

नियम आहेत. 2016 च्या केंद्रीय नियमांनी सांगितलं की मलबा वेगळा साठवावा, रस्त्यावर किंवा नालीत टाकू नये. दिवसाला 20 टन किंवा महिन्याला 300 टन मलबा काढणाऱ्यानं आधी त्याची योजना मंजूर करून घ्यावी. 2025 चे नवे नियम 1 एप्रिल 2026 पासूनचे, पण त्यांचा मुख्य रोख 20,000 चौरस मीटर आणि त्याहून मोठ्या बांधकामांवर आहे. आमच्या दोन खोल्या आणि संडास-बाथरूम त्या जाळ्यातून सहज निसटतात. अशा निसटलेल्या घरांचंच तर शहर झालेलं असतं.

मलब्यातून गिट्टी काढता येते, हे आता नवलाचं राहिलेलं नाही. दिल्लीत बुराडीला 2009 पासून मलबा दळून त्याचे ब्लॉक करतात. भारतीय मानक 383 च्या 2016 च्या आवृत्तीनं जुन्या काँक्रीटची जाडी गिट्टी साध्या काँक्रीटमध्ये 25 टक्क्यांपर्यंत आणि एम-25 पर्यंतच्या सळाखीच्या काँक्रीटमध्ये 20 टक्क्यांपर्यंत चालवून घेतली आहे. जोत्याखालच्या हलक्या काँक्रीटमध्ये तर ती पूर्ण चालते. तरी कुणाला हे सुचवून पाहा. "आमच्या घरात दुसऱ्याच्या घराचा मलबा?" असा चेहरा होतो. तो चेहरा करणारा गृहस्थ अनेकदा राखेच्या विटांच्या भिंतीला टेकून बसलेला असतो. तिरोड्याला 3,300 मेगावॉटचं औष्णिक केंद्र आहे. अशा केंद्रांत कोळसा जळून उरलेली राख विटांत जाते, त्या विटांची घरं होतात, आणि तिथं वास्तुशांतही यथासांग पार पडते. राख चालते, गिट्टी चालत नाही. तिच्यामागं कुणाचा तरी संसार दिसतो म्हणून असेल.

सव्वा लाखाच्या वर वस्तीच्या गावात उद्या बुराडीएवढा कारखाना यावा, अशी माझी मागणी नाही. नगरपरिषदेनं शहराच्या एका बाजूला जागा ठरवावी, मलबा तिथंच टाकू द्यावा, आणि ज्याला भरती हवी त्यानं तिथूनच उचलावी, एवढ्यानं निम्मं काम होईल. उरलेलं आपल्या हातात आहे. पाडायला काढलंच असेल तर घण उचलण्याआधी दारं, खिडक्या, कवेलू, फरशी उतरवून घ्या. विटा, काँक्रीट आणि प्लास्टिकचे ढीग वेगळे ठेवा. आणि ट्रॉलीवाल्याला "कुठंही टाक" म्हणू नका, कुठं टाकणार ते विचारा. त्यानं बोडीचं नाव घेतलं तर ट्रॉली परत पाठवा.