बायकोचा हात मोडल्यास : नवऱ्यांसाठी सर्वसाधारण सूचना

(सातारा व सांगली या दोन्ही जिल्ह्यांत लागू. उजवा हात गृहीत धरला आहे. डावा मोडल्यास कामात सवलत मिळेल अशी आशा ठेवू नये.)

१. पहिली पाच मिनिटे

‘अशी कशी पडलीस?’ हा प्रश्न विचारू नये. चौकशी वाढली की फरशी ओली कुणी ठेवली इथपर्यंत जाते. हात आहे त्याच स्थितीत ठेवून खाली फळकूट किंवा जाड पुठ्ठा द्यावा आणि ओढणीची झोळी करून गळ्यात अडकवावी. सूज चढायच्या आत अंगठी उतरवावी, बांगड्या वाढवाव्यात. तेवढ्यात शेजारचे काका भिंतीवरून डोकावतील. ‘कशाला डॉक्टर करताय? आमच्या गावचा हाडवैद्य तेल चोळून, पट्टी बांधून मोकळं करतोय बघा!’ त्यांना चहा द्यावा, हात देऊ नये. मोडलेलं हाड चोळून जुळत नाही. बोटं पांढरी-निळी पडली, बधिर झाली किंवा कातडी फाटून जखम झाली असेल, तर पुढचं वाचत न बसता जवळच्या दवाखान्यात निघावं.

२. दवाखान्याची निवड

सासर साताऱ्याचं आणि माहेर सांगलीचं असेल, तर हा विषय हाडापेक्षा नाजूक आहे. तुमच्या वडिलांच्या मते साताऱ्यात सगळं होतं आणि साताऱ्यात होत नाही ते पुण्यात होतं. सासऱ्यांना मिरजेखेरीज दुसरं गाव माहीत नाही. विल्यम वॉनलेस या मिशनरी डॉक्टरांनी १८९४ मध्ये तिथे रुग्णालय काढलं. तेव्हापासून दुखणं घेऊन मिरजेला जायची या भागाला सवयच लागली. सासरे हा इतिहास पहिल्यापासून सांगतील. मधे बोलू नये. कऱ्हाड दोन्ही घरांना साधारण मध्यावर पडतं, म्हणून तडजोडीचा प्रस्ताव तिथला येतो आणि त्यावर दोन्ही पक्ष नाराज होतात.

शेवटी मिरजच ठरली, तर साताऱ्याहून कऱ्हाड, पेठ नाका, आष्टा, सांगली असा सव्वाशे किलोमीटरच्या आसपासचा रस्ता आहे. हात उशीवर उंच ठेवावा. प्रत्येक खड्ड्याला ‘सॉरी’ म्हणावं. खड्डा तुम्ही खणलेला नसला तरी गाडी तुम्हीच चालवताय.

या सगळ्या चर्चेत एक माणूस विचारायचा राहतो. तिलाही विचारावं. हात तिचा आहे.

३. एक्स-रेचे प्रदर्शन

एक्स-रेचा फोटो काढून भावकीच्या ग्रुपवर टाकण्याचा मोह आवरावा. बायकोच्या हाताचा एक्स-रे लोकांना पाठवणारे तुम्ही पहिले नव्हेत. विल्हेल्म रॉंटगेनने डिसेंबर १८९५ मध्ये पत्नीच्या हाताचा, बोटातल्या अंगठीसकट, एक्स-रे काढला आणि नव्या वर्षाच्या सुरुवातीला त्याच्या प्रती ओळखीच्या शास्त्रज्ञांना पाठवल्या. त्याला १९०१ साली पदार्थविज्ञानाचं पहिलं नोबेल मिळालं. तुम्हाला ‘गेट वेल सून’चे फुलांचे फोटो मिळतील, आणि एका मामांचा सल्ला : ‘डॉक्टरांना म्हणावं, प्लेट टायटॅनियमचीच टाका.’

४. ऑपरेशनचा दिवस

भूल देण्याआधी पोटात अन्न नको, म्हणून तिला आदल्या रात्रीपासून उपाशी ठेवतील. अशा वेळी समोरच्या गाड्यावर मिसळ खाऊन, तोंड न पुसता खोलीत येऊ नये. कागदांवर सही करण्याआधी ते वाचावेत. निदान वाचल्यासारखं दिसावं. तिला कुठल्या औषधाची अ‍ॅलर्जी आहे आणि कुठली गोळी रोज चालू आहे, हे डॉक्टर तुम्हाला विचारतील. तुम्ही तिच्याकडे पाहाल. ती भुलीच्या टेबलावर असेल. हा अभ्यास आधी करून ठेवावा.

बऱ्याचदा फक्त हात बधिर करून शस्त्रक्रिया होते आणि रुग्ण जागा असतो. त्यामुळे बाहेर तुम्ही फोनवर ‘आमचे फार हाल झाले’ असं मोठ्याने सांगत असाल, तर ते आत ऐकू जाण्याचा धोका संभवतो.

५. भेटीगाठी

साताऱ्याकडचे कंदी पेढे आणतील, सांगलीकडचे भडंग. दोन्हीची तारीफ सारखीच करावी. पडण्याची हकिकत तीच सांगेल. तुम्ही सांगितलीत तर ती दर वाक्याला दुरुस्ती करेल आणि पाहुण्यांचा मुक्काम वाढेल. पाहुणे ‘चहा नको, चहा नको’ म्हणत बसले की चहाला कुणी उठायचं, हे आता स्पष्ट आहे.

६. घर

अंगात घालताना मोडक्या हाताची बाही आधी, काढताना शेवटी. आंघोळीला प्लास्टरवर प्लास्टिकची पिशवी बांधावी आणि पाणी शिरणार नाही हे पाहावं. वेणीचे तीन पेड असतात. चौथा आला तर सोडून पुन्हा घालावी. भाकरी थापता येत नसेल तर पोळीभाजी केंद्र शोधावं. अहंकारापोटी घरी केलेली भाकरी कुत्र्यालाही घालू नये.

या सूचनावलीतलं मुख्य कलम हे : ‘जिरं कुठंय?’ असं विचारू नये. प्रत्येक ‘कुठंय?’ला ती उठते, डाव्या हाताने डबा काढते आणि तुम्ही मदत केल्याचं समाधान मिळवता. हिंग, धाकट्याचा मोजा, गॅसचं पुस्तक, शाळेची फी भरल्याची पावती, दूधवाल्याचा हिशोब, यातलं काहीही हरवलेलं नसतं. ते जिथे असायला हवं तिथेच असतं. तुम्ही तिथे कधी गेलेला नसता. एक रविवार काढून कपाटं उघडावीत. आपल्याच घराची ही पाहणी विनामूल्य आहे.

७. सेवानिवृत्ती

साधारण दोन आठवड्यांत टाके निघतात. बहुतेक नवरे त्याच संध्याकाळी स्वतःला कार्यमुक्त समजतात. टाके कातडीचे असतात. हाड जुळायला कित्येक आठवडे लागतात, आणि त्यानंतर फिजिओथेरपीवाला मूठ मिटायला आणि मनगट वळवायला लावतो, तेव्हा ती खरी रडकुंडीला येते. त्या व्यायामाच्या वेळी टीव्हीचा आवाज कमी करून जवळ बसावं. डॉक्टर सांगेपर्यंत कळशी, कुकर आणि पिठाचा डबा उचलणं तुमच्याकडेच राहील.

राजीनामा द्यायचाच असल्यास तो तिच्याकडे तोंडी द्यावा. नामंजूर झाल्यास कणीक मळायला घ्यावी.