निमित्तमात्र

‘इकडून चाललो होतो, म्हटलं डोकावून जावं’ या एका वाक्यावर आपल्याकडचा निम्मा लोकव्यवहार चालतो. इंग्लंडच्या दक्षिणेला, डॉर्सेटमधल्या आमच्या खेड्यात ते वाक्य उच्चारलं तर यजमानाला घाम फुटेल. त्यावरून इथली माणसं माणूसघाणी आहेत असं मात्र समजू नये. माणसांची ओढ त्यांनाही आपल्याइतकीच. फक्त भेटीला निमित्त लागतं. आणि निमित्तं काढण्यात या गावाचा हात कुणी धरू शकणार नाही.

पहिलं निमित्त कुत्र्याचं. शेतातल्या पायवाटेने एकटा हिंडणारा इसम संशयास्पद, कुत्र्यासह हिंडणारा सज्जन. कुत्री एकमेकांना हुंगून घेतात तेवढ्यात मालक चिखलावर बोलतात, आणि चिखलाचा विषय रंगला की कुणाच्या गुडघ्याचं ऑपरेशन कधी आहे तेही कळतं. आमची मॉली गावात प्रसिद्ध आहे. मी तिच्या पट्ट्याचं दुसरं टोक.

कोपऱ्यावर लाल टेलिफोन बूथ आहे. सर गाइल्स गिल्बर्ट स्कॉट यांनी १९३५ साली, पाचव्या जॉर्जच्या कारकिर्दीच्या रौप्यमहोत्सवासाठी आखलेला हा नमुना. मोबाइल आले आणि कंपनीने असे बूथ एकेका पौंडाला गावांना देऊन टाकले. आमच्या बूथमध्ये आता पुस्तकं आहेत. आत एका वेळी एकच माणूस मावतो, त्यामुळे बाहेर दोघांची का होईना, रांग लागते. आणि रांगेत उभा राहिला की इंग्रज माणूस मोकळा होतो.

पण निमित्ताची कमाल पाहायची तर चर्चच्या मनोऱ्यात, घंटांच्या सरावाला जावं. इथे गाणंबिणं वाजवायचं नसतं. घंटा कोणत्या क्रमाने वाजतात तो क्रम सतत बदलायचा आणि एकदा येऊन गेलेला पुन्हा येऊ द्यायचा नाही. सात घंटांचे ५०४० क्रम होतात; सगळे वाजवायला तीनेक तास लागतात. आमच्याकडे सहाच घंटा, म्हणून ७२० क्रमांत, अर्ध्या तासाच्या आत सुटका. दोराला हाताशी लोकरीचा गुबगुबीत, पट्टेरी भाग असतो. वर घंटा अख्खी गरकन फिरते, तेव्हा तो वेळेवर सोडला नाही तर वाजवणाराही वर जाऊ लागतो. एवढी गणिती तपश्चर्या कशासाठी? तर नंतर सगळ्यांनी मिळून पबमध्ये बसण्यासाठी. घसा कोरडा पडल्याशिवाय तिथे जाणं बरं दिसत नाही.

मध्यंतरी गावची बस बंद झाली. १८९४च्या कायद्यापासून इथे पॅरिश कौन्सिल आहे. म्हणजे आपल्या ग्रामपंचायतीसारखंच, फक्त आवाज खालच्या पट्टीत. बस परत आणायला एक वेगळी समिती स्थापन झाली. दर महिन्याला सभागृहात बैठक, चहा, लिंबाचा केक. ज्यांच्या दारात दोन-दोन गाड्या आहेत तेही न चुकता हजर.

गेल्या बैठकीत बातमी आली की बस बहुधा पुन्हा सुरू होईल. टाळ्या पडल्या, पण जरा उशिरा. मग एका बाईंनी सुचवलं की बस वेळेवर येते की नाही यावर कुणीतरी नजर ठेवायला हवी, तेव्हा समिती बरखास्त करू नये. ठराव एकमताने मंजूर झाला. अनुमोदक अस्मादिक.