अठ्ठेचाळीस तासांचे गृहस्थ

साताऱ्याच्या मंगळवार पेठेत आमच्या माडीसमोर, सारी आळी निजल्यावरही जो एक दिवा जळत असतो, तो कोणा विद्याव्यासंगी तपस्व्याचा नसून, सातासमुद्रांपलीकडील अपरिचितांची समजूत घालण्याचे काम मिळावे म्हणून उमेदवारी करणाऱ्या एका चाळिशीतल्या गृहस्थांचा आहे, हे कळावयास मला दोन वर्षे लागली. पेशा विचारला तर ते ‘वेब होस्टिंग सपोर्ट’ असे सांगतात. होस्ट म्हणजे यजमान, लोकांच्या संकेतस्थळांना भाड्याने बिऱ्हाड देणारा. परंतु आमचे गृहस्थ यजमानही नव्हेत आणि पाहुणेही नव्हेत. आत भात करपला असता मांडवाच्या दाराशी उभा राहून ‘पान वाढतच आहेत’ असे जो हसतमुखाने सांगतो, त्या दूरच्या नातलगाचा हुद्दा त्यांचा, आणि सांप्रत तेवढाही पदरात नसल्यामुळे ते त्याच्या शोधात असतात.

हा धंदा त्यांनी मला वाड्याच्या भाषेत समजावून दिला. एकाच यंत्रावर शेकडो संकेतस्थळे नांदतात. भाडे थोडे, पण नळ एकच. एका बिऱ्हाडाने कार्य काढले की बाकीच्यांच्या घागरी कोरड्या, आणि मग तक्रारी. तक्रारीला ‘तिकीट’ म्हणतात, यद्यपि ते काढून कोणी कोठे गेल्याचे ऐकिवात नाही. एकाच वेळी तीन-तीन गिऱ्हाइकांशी गोड बोलावे लागते: एकाचे टपाल नोंद चुकल्याने परागंदा झालेले, दुसऱ्याला पासवर्ड आठवत नाही, आणि तिसऱ्याच्या दुकानावर 500 आकड्याची पाटी लागलेली. नावाच्या आरंभीच टिंब असल्यामुळे पडद्याआड राहणारी एक फाइल असते. तीत एक अक्षर भलते पडले तरी सबंध दुकान बंद होऊ शकते, आणि ते अक्षर हुडकून काढण्यात आमच्या गृहस्थांचा हात धरणारा नाही.

तथापि पेठेत त्यांची ख्याती आहे ती ‘अठ्ठेचाळीस तास’ या नावाने. संकेतस्थळ नव्या यंत्रावर हलविले, की जुना पत्ता ठिकठिकाणच्या यंत्रांच्या स्मरणात आपल्या मुदतीपुरता टिकून राहतो, आणि ती मुदत सरेपर्यंत कोणाला नवे घर दिसते, कोणाला जुने. सबब ‘24 ते 48 तास धीर धरावा’ हे उत्तर त्यांच्या जिभेवर इतके रुळले आहे, की गणपतीची वर्गणी मागणाऱ्या पोरांनाही तेच मिळते. गीझर बंद पडल्याची वर्दी वहिनींनी दिली, तेव्हा ते म्हणाले, ‘आपली गैरसोय मी पूर्णपणे समजू शकतो. एकदा बंद करून पुन्हा चालू करून पाहिलात का?’ वहिनी म्हणाल्या, ‘अहो, मी गिऱ्हाईक नाही.’

पूर्वी ते एका कंपनीत दर तिकिटामागे ठरल्या मोबदल्यावर रुजू होते. न्यूयॉर्कच्या दुपारी बाराला हिवाळ्यात साताऱ्यात रात्रीचे साडेदहा वाजतात आणि उन्हाळ्यात साडेनऊ. त्यामुळे मार्चात आणि नोव्हेंबरात तिकडचा काटा सरकला, की इकडे पिठल्याची वेळ बदले. रागावलेल्या गिऱ्हाइकासाठी तयार उत्तरांचा जो दप्तरी संग्रह तेथे होता, तो बहुतांशी त्यांच्याच लेखणीचा. पुढे ती कंपनी विकली गेली आणि एका रात्री त्यांचा पासवर्ड चालेना. बडतर्फीचा हा प्रकार तांत्रिक बिघाड समजून त्यांनी स्वतःच्याच खात्याकडे तिकीट नोंदविले आणि अठ्ठेचाळीस तास निष्ठेने वाट पाहिली.

तेव्हापासून अर्जांचा अंमल सुरू आहे. जाहिरातींच्या अटी त्यांना तोंडपाठ आहेत: संगणक उमेदवाराचा, इंटरनेट त्याचे, इन्व्हर्टरही त्याचाच, आणि चाचणीच्या आठवड्यात श्रमही बिनमोल. कंपनी आपल्यातर्फे देते ती केवळ रात्र.

परवा ते लगबगीने माडीवर आले. एका नव्या कंपनीकडून नकार आला होता, पण मुद्रा मात्र सत्कार झाल्यासारखी. या धंद्यात पाट्या दहा असल्या तरी दुकान पुष्कळदा एकच असते. नवी म्हणून ज्या कंपनीकडे अर्ज धाडला, तिचा धनी जुनीला विकत घेणाराच निघाला होता, आणि नकाराच्या पत्रात आमच्या गृहस्थांना आपलाच मजकूर भेटला होता.

‘हा शेवटचा परिच्छेद पाहा, आपल्या संयमाबद्दल आभार मानणारा,’ ते म्हणाले, ‘माझा आहे. एक स्वल्पविराम तेवढा कोणी गाळला.’

मी मनापासून स्तुती केली. त्यांनी पत्राची घडी घातली, आणि जिना उतरता उतरता थांबून म्हणाले, ‘या परिच्छेदानंतर गिऱ्हाईक सहसा पुन्हा लिहीत नसे.’

त्या रात्री समोरचा दिवा साडेदहाला मालवला. मला चुटपुट लागली. बरोबर अठ्ठेचाळीस तासांनी तो पुन्हा लागला.