वेतन आयोगाचा बेस

बदलापूर पूर्वेला, खरवईत फ्लॅट घेणारे लोक कारणं सांगतात ती ठरलेली: बजेट आणि मोकळी हवा. ऑडिओवाले काका तिसरं कारण सांगतात. ‘डोंबिवलीत तेवढ्याच पैशांत दहा फुटांचा हॉल मिळत होता हो. दहा फुटांत बेस मावतो का?’ चाळीस हर्ट्झची ध्वनिलहर साधारण साडेआठ मीटर लांब असते. हा हिशेब धरला तर खरवईतला हॉलही पुरत नाही, पण एवढं कर्ज काढलेल्या माणसाला हे कुणी सांगू नये.

कल्याणच्या पुढे असे काका प्रत्येक स्टेशनागणिक एक-दोन तरी सापडतात. यांना ओळखायची खूण सोपी. हॉलच्या बरोब्बर मध्ये एकच खुर्ची असते आणि तिच्यावर पाहुण्यांना बसू देत नाहीत. पाहुणे दिवाणावर. तिथे चहा मिळतो, साउंडस्टेज मिळत नाही.

आपले काका अंबरनाथच्या ऑर्डनन्स फॅक्टरीतले. त्यांचं सर्व्हिस बुक पाहायची गरज नाही, हॉलमधलं रॅक पाहावं. सहाव्या वेतन आयोगाची थकबाकी केंद्राने दोन हप्त्यांत दिली: ४० टक्के २००८-०९मध्ये, उरलेली ६० टक्के पुढच्या वर्षी. पहिल्या हप्त्यात अँप्लिफायर आला, दुसऱ्यात स्पीकर. मधलं वर्षभर काका रोज संध्याकाळी नुसता अँप्लिफायर चालू करून समोर बसत. ‘तापू दे जरा,’ म्हणत. सातव्या आयोगाने मात्र निराशा केली. थकबाकी जेमतेम सात महिन्यांची, २०१६च्या ऑगस्टच्या पगाराबरोबर आली, आणि तेवढ्यात केबलच बसली. केबलची किंमत घरात अजून मीटरवर सांगितली जात नाही, ‘एकूण’ सांगितली जाते, तीही शेवटचं शून्य गाळून.

शेजारच्या विंगेतल्या बँकवाल्यांचा टर्नटेबल २०००-०१च्या व्हीआरएसमधून आलेला आहे, आणि वरच्या मजल्यावरचा आयटीतला मुलगा ऑनसाइटहून परतताना डॅक मोज्यांत गुंडाळून आणतो. तिघे रविवारी जमतात. संगीतावर बोलत नाहीत, अर्थिंगवर बोलतात.

कारण खरा शत्रू वीज. स्पीकरमध्ये बारीक गुणगुण ऐकू आली की काका आधी जमिनीला, मग खरवईच्या एमआयडीसीला आणि शेवटी महावितरणला दोष देतात. जपानमधल्या ताकेओ मोरिता या वयोवृद्ध वकिलांनी स्वच्छ विजेसाठी घराशेजारी स्वतःचा विजेचा खांबच उभारून घेतला, खर्च सुमारे दहा हजार डॉलर, ही बातमी २०१६मध्ये आली. काकांनी ती कापून रॅकमध्ये ठेवली आहे. ती वाचून ते गॅलरीत गेले आणि सोसायटीच्या खांबाकडे, त्यावरच्या केबलवाल्यांच्या गुंडाळ्यांकडे बराच वेळ पाहत राहिले. काकूंनी लगेच विचारलं, ‘परवानगी कोण देणार?’

अमेरिकेतल्या केन फ्रिट्झ यांचं प्रकरण काकूंना ठाऊक नाही, ते बरंच आहे. व्हर्जिनियातल्या या गृहस्थाचा फायबरग्लासचे साचे बनवायचा धंदा होता. तो चालवत त्यांनी घरात सुमारे दहा लाख डॉलरची सिस्टीम उभी केली. २०२२मध्ये ते गेले आणि लिलावात सगळं मूळ खर्चाच्या छोट्याशा हिश्शात विकलं गेलं.

उल्हासनगरच्या फर्निचर बाजारात काकांना सगळे ओळखतात. स्पीकरच्या स्टँडचे पाय आतून पोकळ हवेत, हे सुताराला पटलं. त्यात वाळू भरायची, हे पटेना. ‘साहेब, मग हे हलणार कसं?’ ‘हलू नये म्हणूनच तर!’ काका म्हणाले. सुताराने वाळू भरली, दोन माणसं जास्तीची घेतली आणि उचलायचे पैसे वेगळे लावले. घरी पोचल्यावर स्टँड तीन इंच डावीकडे हवा होता, असं निघालं.

एवढं सगळं झाल्यावर काका ऐकतात काय? ईगल्सचं ‘हॉटेल कॅलिफोर्निया’, तेही १९९४चं लाइव्ह, कारण जगभर सगळे त्यावरच सिस्टीम तपासतात. मग भीमसेन. ‘ऐकलात डावीकडचा तानपुरा?’ एवढं विचारून ते दुसऱ्या मिनिटाला थांबवतात. पंडितजी समेवर आलेले या हॉलमध्ये अजून कुणी ऐकलेले नाहीत.

ऑक्टोबर २०२१मध्ये फॅक्टरी यंत्र इंडिया लिमिटेडकडे गेली, तेव्हा सहकारी पेन्शनच्या काळजीत होते. काका युनियनच्या माणसाला एकच विचारत राहिले, ‘पुढचा आयोग आपल्याला लागू होणार ना?’ २०२५च्या जानेवारीत केंद्राने आठव्या आयोगाला मंजुरी दिली, त्याच रात्री त्यांनी डायरीत सबवूफरचं मॉडेल लिहून ठेवलं. सकाळी खाली काकूंच्या अक्षरात एक ओळ वाढली होती: किचन ट्रॉली, आधी.